अण्णांचा डबा आणि तुझा गल्ला

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

तू फोनवर विचारलंस ते तसं बोलता बोलता सांगून टाकण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो. तुझ्या आजोबांची, म्हणजे अण्णांची, डब्यातली नाणी विकून त्या पैशांत एकाच विषयाचा नीट संग्रह उभा करावा का? माझं उत्तर: करावा. नाणी वीक. सगळी नाही, एकदम नाही, आणि ज्या नाण्यासाठी तू आत्ता विकायला निघाला आहेस त्याच्यासाठी तर नाहीच. पण वीक, आणि मनावर ओझं ठेवून विकू नकोस.

आधी त्या होनाचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या म्हणवल्या जाणाऱ्या सोन्याच्या नाण्याचं बोलू. मोबाइलवर फोटो आला, विकणाऱ्याने अस्सल आहे म्हणून सांगितलं, चार दिवसांत ठरवा म्हणून घाई केली. बाळा, महाराजांच्या सोन्याच्या होनांपैकी अभ्यासकांनी अस्सल मानलेले होन फार थोडे आहेत. असलं नाणं ओळखदेख नसलेल्या माणसाकडून, घाईघाईत, कुठल्याही पावतीशिवाय येत नसतं. शेतात हंडा सापडला, त्यातलं आहे, असं तो म्हणाला असेल तर आणखीच लांब राहा. जमिनीत सापडलेल्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. १८७८ चा निखात निधी कायदा त्यासाठीच आहे. आणि समजा, होन खरा निघाला तरी मी नकोच म्हणेन. सगळा डबा रिकामा करून एक नाणं येईल, ते तू बँकेच्या लॉकरमध्ये ठेवशील, आणि तुझं शिकणं तिथेच थांबेल.

आता डबा. परवा तुझ्या आईने आणि मी तो पुन्हा उघडून टेबलावर मांडला. तुला सगळं एकत्र ‘आजोबांचा संग्रह’ दिसतं. मला त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात.

पहिली म्हणजे चांदी. राणीछाप आणि राजाछाप रुपये अण्णांनी निवृत्तीनंतर इकडून तिकडून विकत घेतले. १८३५ मध्ये कंपनी सरकारने सगळीकडे एकसारखा रुपया सुरू केला. वजन ११.६६ ग्रॅम, त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे एका रुपयात शुद्ध चांदी जवळपास १०.७ ग्रॅम. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, त्यामुळे सहाव्या जॉर्जच्या त्या काळातल्या रुपयात ५.८ ग्रॅमच धर. सराफ मोडीत घेईल तो याच हिशेबाने घेईल. झिजलेले, डाग दिलेले, दागिन्यात ओवण्यासाठी कडी लावलेले रुपये वजनावर द्यायला हरकत नाही. त्यांच्यासारखे लाखो आहेत. पुढे वाटलं तर पुन्हा मिळतील.

पण वजनावर द्यायच्या आधी प्रत्येक रुपया भिंगाखाली घाल. १८६२ चे रुपये विशेष बघ. त्यानंतर बरीच वर्षं नवीन पाडलेल्या रुपयांवरही तेच साल राहिलं, आणि त्यांच्यावर बारीक ठिपके आहेत. ठिपके किती आणि कुठे, यावरून संग्राहक त्यांचे प्रकार लावतात, आणि काही प्रकारांना चांदीच्या कितीतरी पट किंमत येते. सराफाच्या काट्याला ठिपके दिसत नाहीत. आणि कृपा करून एकही रुपया चिंचेने, रांगोळीने, पावडरीने घासू नकोस. जुन्या चांदीवर चढलेला तो करडा रंग जाणत्या गिऱ्हाइकाला हवा असतो. घासून चकचकीत केलेला रुपया त्याच्या नजरेतून उतरतो, मग उरतो फक्त मोडीचा भाव.

दुसरी गोष्ट, आलेगेले परदेशी सेंट, पेनी आणि दिरहम, आणि ते रामदरबाराचं मोठं तांब्याचं नाणं. त्याच्यावर ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ लिहिलंय म्हणून तू खूश झाला होतास. कंपनीने असलं नाणं कधी पाडलेलंच नाही. ते देवाधर्माचं टोकन आहे, महाराष्ट्रात घरटी एखादं निघतं. देव्हाऱ्यात ठेव, कुणाला विकू नकोस. अज्ञानातून घेणारा भेटेल, पण आपण तसं विकायचं नाही. अमुक नोटेला आणि तमुक नाण्याला लाखो रुपये देतो म्हणणाऱ्या जाहिरातींचंही तेच. त्यात रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून आधी शुल्क मागतात. बँकेने २०२१ मध्ये त्याबद्दल लोकांना सावध केलं आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे तंबाखूच्या पत्र्याच्या डबीतली नाणी, आणि इथे मला जरा जास्त लिहायचंय. ही अण्णांनी विकत घेतलेली नाहीत. शुक्रवार पेठेतल्या आपल्या दुकानाच्या गल्ल्यातून ती एकेक करून बाजूला पडली. त्यात भोकाचा पैसा आहे, युद्धाच्या काळात धातू वाचवायला काढलेला. दोन आण्यांची चवली आहे, चार आण्यांची पावली आहे. १९४७ चा निकेलचा रुपया आहे, एका बाजूला राजा आणि दुसऱ्या बाजूला वाघ. मग १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि आण्यांच्या जोडीला नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे होते, त्याचे शंभर नवे पैसे झाले. सहा नवे पैसे म्हणजे एक आणा म्हटलं तर सोळा आण्यांचे शहाण्णवच होतात. या चार पैशांवरून गिऱ्हाइकांशी रोज हुज्जत व्हायची, असं अण्णा सांगायचे. पुढे १९६४ मध्ये ‘नया’ हा शब्द गेला. त्या डबीत तो सगळा काळ क्रमाने आहे. बाजारात तिला किंमत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणूनच ती विकायची नाही. महागाची चांदी जाऊ दे, ही कवडीमोलाची डबी राहू दे. तुला हे उलटं वाटेल, पण राणीछाप रुपया कुठल्याही दुकानात मिळतो. अण्णांच्या हातून गिऱ्हाइकाला सुटे देताना बाजूला राहिलेला नवा पैसा कुठे मिळणार?

आणि इथूनच मला तुझ्या संग्रहाचा विषय सुचला. तू ‘मराठा नाणी’ म्हणतोस. तो विषय फार पसरट आहे, त्यात तू पैशानेही बुडशील. त्यापेक्षा असं बघ: साधारण १८०० साली पुण्यात बुधवार किंवा रविवार पेठेतल्या एखाद्या वाण्याच्या गल्ल्यात काय काय असेल? तेवढंच जमव.

त्याच्या गल्ल्यात अंकुशी रुपया असणार, पुण्याच्या टांकसाळीचा, अंकुशाच्या खुणेचा. लेख फारसी, नाव मुघल बादशहाचं. पेशव्यांनी स्वतःच्या नावाने रुपया काढला नाही. चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी असेल, बाहेरून आलेला सुरती असेल. हे सगळे रुपये सारख्या भावाचे नसत, सराफ बट्टा, म्हणजे काही कपात, घेऊन बदलून देत. खाली सुट्यांत तांब्याची शिवराई, आणि दोन शिवराया मिळून होणारा ढब्बू. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं, तरी अंकुशी रुपया लगेच बंद पडला नाही. इंग्रजांनी तो काही वर्षं पुण्यातच, फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, घालून पाडला. मग १८३५ चा एकसारखा रुपया आला आणि हे जग हळूहळू संपलं. तुझा संग्रह तिथे थांबेल. सुरुवात आहे, शेवट आहे, जागा ठरलेली आहे, आणि नोकरदाराच्या आवाक्यातला आहे.

यातली शिवराई तुला वर्षानुवर्षं पुरेल. एका बाजूला तीन ओळींत श्री, राजा, शिव. दुसऱ्या बाजूला छत्र, पति. भोवती ठिपक्यांचं कडं. तांब्याच्या चकतीवर ठसा ठेवून हातोड्याने ठोकायचे. ठसा चकतीहून मोठा, त्यामुळे पूर्ण लेख आणि पूर्ण कडं एकाच नाण्यावर क्वचित उतरतं. कुठे शिव, कुठे शीव, कुठे सिव. कुठे पति ऱ्हस्व, कुठे दीर्घ. शिवाय हाच लेख महाराजांच्या नंतरही चालू राहिला. पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातल्या शिवराया कितीतरी जास्त आहेत. ओळींमध्ये दुहेरी आडवी रेघ असलेली दुदांडी तर उत्तरकाळातली. विकणारा प्रत्येक शिवराई राज्याभिषेकाच्या काळातली म्हणूनच सांगेल. ती तशी नाही हे अक्षरांच्या वळणावरून तुझं तुला कळायला लागेल, त्या दिवशी तू संग्राहक झालास असं मी म्हणेन.

म्हणून विकण्याआधी वाचायला बस. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासून इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या पुण्याईने उभं आहे. तिथे नाणीही आहेत आणि नाण्यांवरचं लिखाणही. सुट्टी काढून अंजनेरीलाही जाऊन ये. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना वाटेत नाण्यांचं संग्रहालय आणि संशोधन संस्था आहे. फारसी अक्षरांची निदान तोंडओळख करून घे, नाहीतर अंकुशी आणि चांदवडी तुला विकणारा सांगेल तेच असतील. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी हिंडायला हरकत नाही, पण पहिले सहा महिने फक्त हातात घेऊन बघ. ओतीव नकलीचा पृष्ठभाग बारीक खड्ड्यांचा असतो, कडेला जोड दिसतो, वजन चुकतं. चांदीचा म्हणवणारा रुपया लोहचुंबकाला चिकटला तर पुढे काही बोलायलाच नको. आणि डब्यातलं चांगलं नाणं परदेशातून कुणी मागितलं तर सरळ नाही म्हण. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याने देशाबाहेर पाठवता येत नाही.

पैशाचं एकच सांगतो. डब्यातून येईल तेवढंच संग्रहात घाल, पगारातला रुपया त्यात जाऊ देऊ नकोस. एक विकलं की एक घे. मग प्रत्येक वेळी या दोहोंत काय मोलाचं आहे ते ठरवावं लागेल, आणि नजर तयार व्हायला तेवढा वेळ मिळेल.

डबा माझ्या एकट्याचा नाही, हे मात्र तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. त्यात आत्याचाही वाटा आहे. मी तिच्याशी बोललो. तिची हरकत नाही, फक्त तिच्या आजीच्या जन्मसालाचा रुपया असेल तर तेवढा तिला हवाय. तो शोधून तूच तिच्या घरी नेऊन दे, कुरिअर करू नकोस. लक्ष्मीपूजनाचे पाच रुपये आईचे आहेत, ते या हिशेबात धरूच नकोस.

पुढच्या शनिवारी ये. येताना ग्रॅमचे दोन दशांश दाखवणारा वजनकाटा आण आणि कोरी वही आण. प्रत्येक नाण्याचं वजन, दोन्ही बाजूंचा फोटो आणि ते अण्णांकडे कुठून आलं, मला आठवतं तेवढं, आपण उतरवून घेऊ. जुन्या प्लॅस्टिकच्या अल्बममधली नाणी आधी बाहेर काढायची आहेत, त्यातल्या दोन-तीन रुपयांवर हिरवट चिकट थर धरलाय. ही नोंद पुरी होईपर्यंत एकही नाणं घराबाहेर जाणार नाही. नंतर कुठलं आधी विकायचं ते तू ठरव, मी मध्ये बोलणार नाही.

तुझा,
बाबा