सिकलसेलच्या कार्डावर एक रकाना वाढवा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी उत्तर नागपुरात राहतो, शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. माझा मुलगा 'एसएस पॅटर्न'चा आहे, म्हणजे आईवडील दोघांकडून बिघडलेलं जनुक येऊन त्याला सिकलसेल हा रक्ताचा आजार झाला आहे. विदर्भात या दोन अक्षरांचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. हातपाय दुखायला लागले की रात्री-बेरात्री दवाखाना, सलाइन, कधी रक्त.

वर्गात पेशी शिकवताना तोच डोळ्यांपुढे असतो. प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच, पण जी ती पेशी आपल्या कामाची जनुकं चालू ठेवते, बाकीची बंद. हिमोग्लोबिनचं बिघडलेलं जनुक माझ्या मुलाच्या त्वचेत आहे, डोळ्यांतही आहे. तिथे ते बंद आहे म्हणून त्रास नाही. चालू होतं ते अस्थिमज्जेत, मूलपेशींपासून (ज्यांतून इतर पेशी तयार होतात) तांबड्या पेशी घडताना. निरोगी तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, त्याची 10 ते 20 दिवसांत फुटते. म्हणून मज्जेतल्या मूलपेशी बदलल्या, की पुढचं रक्त नीट तयार होऊ शकतं. बोन मॅरो ट्रान्सप्लांट ते हेच.

त्यासाठी एचएलए, म्हणजे शरीर आपलं-परकं ज्यावरून ओळखतं त्या पेशींवरच्या खुणा, जुळणारा दाता हवा. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. ते 'एएस', म्हणजे एकच बिघडलेलं जनुक असलेला वाहक, असलं तरी चालतं. मूल लहान असताना निकाल जास्त चांगले येतात. मला एक मुलगीही आहे, साहेब. तिची तपासणी करून बघा, हे निदानानंतरच्या नऊ वर्षांत आम्हाला कोणी सांगितलं नाही. गोळ्या मिळाल्या, कार्ड मिळालं, 19 जूनच्या, जागतिक सिकलसेल दिनाच्या कार्यक्रमांची बोलावणी आली. मी विज्ञानाचा शिक्षक असून मलाही विचारायचं सुचलं नाही, ही टोचणी जात नाही.

मूलपेशींचं नाव पहिल्यांदा काढलं ते एका खासगी क्लिनिकने. पोटाच्या चरबीतून मूलपेशी काढून सलाइनमधून देऊ म्हणाले, खर्च काही लाख. चरबीतल्या मूलपेशी रक्त घडवत नाहीत. शिवाय त्या त्याच्याच, म्हणजे बिघाडही तोच! आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा प्रयोग उपचार म्हणून विकताच येत नाही. मला हे कळत होतं. मजुरीवर घर चालवणाऱ्या आईला कोण सांगणार? अशा दुकानांची तपासणी लावा.

जुलै 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानात 7 कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे. ते हवंच. पण 'एसएस'चा रिपोर्ट हातात देतानाच भावंडांची एचएलए तपासणी सरकारी खर्चाने, नागपुरातच लिहून द्यावी. जुळली तर ट्रान्सप्लांटआधीची केमोथेरपी, संसर्गाची भीती, परक्या पेशींनी शरीरावर उलटण्याचा धोका हे सगळं आईबापांना शेजारी बसवून मराठीत समजावणारा माणूस द्यावा.

आणि त्या कार्डावर, मुलाच्या रक्तगटाखाली, एक रकाना वाढवावा: 'भावंडांची एचएलए तपासणी – दिनांक'.

आपला,
एक पालक, नागपूर