मऊ कुर्ली

देवबाग, ता. मालवण
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

प्रिय दिगू,

मेलबर्नहून पाठवलेल्या कुर्ल्यांच्या फोटोवर तू एवढंच लिहिलंस, ‘मेल्या, यांचा रस्सा कसा लागत असेल?’ आयेनेही मी घरात पाऊल टाकताच तेच विचारलं, ‘इतक्यो कुर्ल्यो बघलंस, एक पण हाडलंस नाय?’ म्हणून आज सविस्तर लिहायला बसलो.

पावसाळ्यात आपल्याकडे डायव्हिंग बंद असतं. टाक्या धुवून ठेवल्या आणि ताईच्या बाळाला बघायला गेलो. जूनमध्ये तिकडे थंडी. पोर्ट फिलिप बे नावाचं मोठं आखात आहे, त्याच्या काठी राय नावाचं गाव. तिथल्या जेटीखाली उतरलो तर पाणी बारा-तेरा अंशांवर! तारकर्लीत पातळ सुटावर तास काढणारा मी, तिथे जाड सूट, हातमोजे, डोक्याला टोपी घालूनही काकडत होतो. तोंडात हवेचा रेग्युलेटर असल्यावर दातही धड वाजवता येत नाहीत रे.

खाली पाहिलं तर तळाला खडक. मग तो खडक हलला. काटेरी पाठीचे नारिंगी खेकडे, स्पायडर क्रॅब, एकावर एक चढलेले, काही ठिकाणी गुडघाभर थर. जेटीच्या खांबांवरही तेच. थंडीच्या सुरुवातीला हे हजारोंनी उथळ पाण्यात येतात, कात टाकायला. कवच काही वाढत नाही, आतलं अंग वाढलं की जुनं सोडावंच लागतं. नवं घट्ट होईपर्यंत अंग लोण्यासारखं मऊ, आणि मोठाले पाकट मासे तर टपलेलेच. म्हणून ही गर्दी. ढिगातून पाकटाने एखादी उचलली तरी बाकीच्या सुटतात.

पहिल्या दिवशी मी शेण खाल्लं. वाइड अँगल लेन्सला अगदी जवळ जावं लागतं. त्या नादात माझा पायातला फिन तळाला लागला, गाळ उठला आणि फ्लॅशमध्ये कण न् कण चमकला. कुर्ल्या दिसेनात, फोटोभर नुसता पांढरा भुगा. शेजारी आपली पाळी येण्याची वाट बघत तिघं होते. त्यातल्या एका बाईने माझ्या पायांकडे बोट दाखवलं, बस्स. पर्यटकांना रोज ‘पाय वर घ्या, प्रवाळावर पडू नका’ म्हणून ओरडणारा मी! सगळे फोटो डिलीट केले.

दुसऱ्या दिवशी ढीग सोडून कडेला थांबलो. तिथे एक कुर्ली कात टाकत होती. पाठीमागच्या सांध्यात कवच उकललं आणि ती उलटी, मागे मागे बाहेर यायला लागली. आधी अंग आलं. मग ओल्या जीन्समधून पाय ओढावा तसा एकेक पाय. जुन्या कवचावर शेवाळ, स्पंजाचे तुकडे. नवी मात्र लख्ख नारिंगी. डोळ्यांवरचं आवरणसुद्धा मागे राहिलं होतं. दोन कुर्ल्या समोरासमोर, आणि क्षणभर कळेना, जिवंत कुठली. मग एकीचा पाय थरथरला. चारच फोटो काढले. ती सरकत सरकत दुसरीच्या पोटाखाली शिरली.

दिगू, आठवतं? पहिल्या पावसात आपण बत्ती घेऊन व्हाळात कुर्ल्या पकडायला जायचो. एकदा तुझ्या हाताला मऊ कुर्ली लागली, अंगठा आत रुतला. ‘सडकी’ म्हणून तू ती दगडावर आपटलीस आणि आपण पोट धरून हसलो. आजोबा म्हणाले, पौर्णिमेची असेल, पोकळ. आपल्याला तेही पटलं.

सडकी नव्हती रे ती.

ढिगाचा फोटो सगळ्यांना आवडतो. ताईने तो हॉलमध्ये लावलासुद्धा. या मऊ कुर्लीचा मी अजून कुणाला दाखवलेला नाही. चवथीला येशील तेव्हा दाखवेन. मोबाईलवर पाठवणार नाही, तू परत रश्शाचं विचारशील.

तुझा,
बाबू