तूस, पऱ्हाटी आणि प्लास्टिकचा दाणा : उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : शेती अवशेषांचा प्लास्टिक व रबरमध्ये फिलर (भर घालायचा पदार्थ) म्हणून वापर

महोदय,

सादर नमस्कार.

गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील गिरण्यांत धान भरडल्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतके तूस मागे उरते, आणि पश्चिमेकडील कापूस पट्ट्यात वेचणी संपली की हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, शेतात उभी असते. या दोन्हींचा बारीक भुगा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन या प्लास्टिकच्या दाण्यात ३० ते ४० टक्क्यांपर्यंत मिसळून टिकाऊ वस्तू बनवता येतात. आज ती जागा मुख्यतः टाल्क आणि कॅल्शियम कार्बोनेट ही खनिजे घेतात. शेतातल्या कचऱ्यापासून प्लास्टिक, अशी घोषणा करणे सोपे आहे. या मालाचे काय करावे आणि काय करू नये, हे शासनाने आधी ठरवावे, एवढ्यासाठी हे पत्र.

वनस्पतिजन्य भुगा साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे करपू लागतो. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंशांना वितळते, म्हणून तेथे तो चालतो. सुमारे २५० अंशांना वितळणाऱ्या पेट (PET) या पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकमध्ये चालत नाही. शिवाय भुगा पाणी ओढतो आणि प्लास्टिक पाण्याला जवळ करत नाही, त्यामुळे तो नीट वाळवून, मॅलेइक अनहायड्राइड जोडलेल्या पॉलिप्रॉपिलीनची थोडी मात्रा घालून दोहोंची सोयरीक जमवावी लागते. हा खर्च वाचवणाऱ्याचा माल पहिल्या पावसाळ्यात फुगतो आणि बदनामी मात्र साऱ्या तंत्राची होते. नीट केलेला मालही साध्या प्लास्टिकपेक्षा ताठ पण ठिसूळ असतो. पॅलेट, बाक, कुंड्या, कुंपणाच्या पट्ट्या यांना तो शोभतो, आदळआपट सोसणाऱ्या वस्तूंना नाही.

आता खरी काळजी. तूस घातलेल्या प्लास्टिकच्या ताटल्या आणि पेले ‘पर्यावरणपूरक’ म्हणून विकण्याचा मोह होणारच. तूस घातल्याने पॉलिप्रॉपिलीन कुजत नाही. तूस कुजते, प्लास्टिकचा चुरा मातीत राहतो, आणि असा माल साध्या पॉलिप्रॉपिलीनच्या भंगारात मिसळला तर पुन्हा दाणा करणाऱ्याची सगळी खेप डागाळते. राज्याने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने एकदाच वापरायच्या ताटल्या-चमच्यांना मनाई केली, केंद्रानेही १ जुलै २०२२ पासून तेच केले. तुसाच्या नावाने या मनाईला मागचे दार उघडू नये.

रबराची गोष्ट निराळी आहे, आणि तेथे तुसापेक्षा त्याची राख मोलाची. तूस जाळल्यावर वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंत राख उरते व तिच्यात बहुतांश सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक, असते. गुडइयर कंपनी अशा राखेपासून काढलेली सिलिका टायरमध्ये वापरते. मात्र ती सिलिका कॉस्टिक सोड्यात विरघळवून, पुन्हा साका काढून मिळवलेली असते. बॉयलरखालची काळी राख थेट रबरात घातली तर ती फार तर चिनी मातीइतके काम करते, म्हणजे पायपुसणी, चटया, साधे सोल. फार तापलेल्या राखेत सिलिका स्फटिकरूप होते आणि तिची धूळ फुप्फुसांना घातक असते, हे कामगारांच्या दृष्टीने विसरता येणार नाही. गिरण्यांचे बॉयलर तुसावरच चालतात, त्यामुळे तुसाला आजही मागणी आहे. ज्याला कोणी वाली नाही ती राख आहे.

तुसाचा पैसा गिरणीमालकाकडे जातो, पऱ्हाटीचा शेतकऱ्याकडे जाऊ शकतो. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीत दडून पुढच्या हंगामात येते, म्हणून ती वेळेत काढा असे कृषी विभागच सांगतो. उपटायला मजूर परवडत नाहीत, मग ती धुऱ्यावर पेटवली जाते. सोयाबीन-तुरीचे कुटार मात्र या योजनेपासून दूर ठेवावे, ते जनावरांच्या तोंडचे आहे.

पऱ्हाटी व तूस दोन्ही वजनाला हलके आणि आकाराला मोठे असल्याने ट्रकचे भाडे मालाच्या किमतीला खाऊन टाकते. म्हणून भुगा करण्याचे काम गावाजवळच व्हावे. शेतीची यंत्रे भाड्याने देणाऱ्या अवजारे बँकांना पऱ्हाटी उपटणारी व कुट्टी करणारी यंत्रे मिळावीत. चंद्रपूरला केंद्राची सिपेट ही प्लास्टिक तंत्रज्ञानाची संस्था आहे, धान आणि कापूस दोन्ही पिकवणाऱ्या जिल्ह्यात. तिच्याशी करार करून भुग्याची ओल, कणांचा आकार आणि राखेतील स्फटिक सिलिका तपासण्याची माफक दरातील सोय राज्याने करून द्यावी. अशा मालावर फिलरचे नाव व टक्केवारी छापणे सक्तीचे व्हावे, यासाठी केंद्राकडे पाठपुरावा करावा. आणि शासकीय कार्यालये, शाळा व गोदामांसाठी होणाऱ्या बाक आणि पॅलेटच्या खरेदीत, दर्जाची चाचणी उत्तीर्ण झालेल्या अशा मालाला पहिल्या काही वर्षांसाठी ठरावीक वाटा राखून ठेवावा, म्हणजे छोट्या उद्योजकाला बँकेपुढे दाखवायला निदान एक मागणीपत्र असेल.

आपला विश्वासू,
विदर्भातील एक प्लास्टिक उद्योजक