येळवसेच्या आधी

पुणे,
४ डिसेंबर

ती. आई आणि ती. अण्णा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं होत नाही म्हणून कागद घेतला. फोनवर आईचा पहिला प्रश्न "जेवलास का रे?" आणि दुसरा "काय जेवलास?" दुसऱ्याचं खरं उत्तर दिलं की आईचा आवाज बारीक होतो आणि फोन अण्णांच्या हातात जातो. मग अण्णा "पाऊसपाणी काय म्हणतंय तिकडं?" विचारतात, डिसेंबरातसुद्धा. म्हणून दोन महिने झाले, मी सरळ थापा मारतोय. परवा "दोन भाकरी आणि पिठलं" म्हणलो ना, ते खोटं. परवा रात्री मी पनीरचे चार तुकडे आणि वर सहा चमचे घट्ट मुगाची खिचडी खाल्ली. तेवढ्याला पंचवीस मिनिटं लागली.

येळवसेला, रानातल्या अमावस्येच्या सणाला, पंधराच दिवस राहिलेत. यायचं पक्कं आहे. पण येण्याआधी काही गोष्टी तुमच्या कानावर घालतो, म्हणजे महालक्ष्म्यांना झालं तसं परत होणार नाही.

आई, त्या दिवसाबद्दल आधी. जेवणाच्या दिवशी तू अर्धी पुरणपोळी ताटात टाकलीस, वरून तुपाची धार सोडलीस, आणि म्हणालीस, "सणाचं नको म्हणू नये." वजन उतरवायच्या ऑपरेशनला तेव्हा सहा आठवडे झाले होते. मला मऊ खायची मुभा होती, गोडाची नव्हती, पोळीची तर नव्हतीच. तुझ्या तोंडाकडं बघून मी खाल्ली. आणि पहिल्यासारखी भराभर खाल्ली. पाच मिनिटांत छातीच्या मधोमध दगड बसावा तसं झालं, नाक गळायला लागलं, तोंडात पाणी सुटलं. न्हाणीत जाऊन सगळं काढलं तरी सुटका नाही. अर्ध्या तासानं दरदरून घाम, छातीत धडधड, आणि मी गोठ्यातल्या बाजेवर आडवा. तू मीठ-मोहऱ्या उतरवल्यास. नंतर वहिनीकडून कळलं की पुरणाला वास येत होता का म्हणून तू दोनदा पातेलं हुंगून बघितलंस.

पुरण चांगलं होतं. पोळी चिकट असते, ती कणकेच्या गोळ्यासारखी अडकली; आणि गोड एकदम आतड्यात उतरलं की अंग असं करतं. याला डम्पिंग म्हणतात. चूक माझी होती, नको म्हणायचं धाडस झालं नाही. दिवाळीला सुट्टी मिळाली नाही म्हणलो, तेही खोटंच. सुट्टी होती. तुझ्या ताटाची भीती वाटत होती.

आता अण्णांचं. अण्णा, दवाखान्यातून घरी आलो तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात, "पैसे देऊन पोट कापून घेणारा गडी पहिल्यांदा बघितला. मन आवरलं असतं तर झालं नसतं का?" मी गप्प बसलो. राग आला होता, खोटं कशाला सांगू. दोनदा मन आवरलं होतं मी. एकदा १४ किलो उतरवले, एकदा ११. दोन्ही वेळेला वर्षभरात सगळे परत आले, सोबत आणखी चार घेऊन. १८ जुलैला टेबलावर चढलो तेव्हा वजन १३२ होतं. उंचीच्या हिशोबानं बीएमआय ४४ निघाला. आपल्या लोकांत तो २३ च्या आत हवा. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ९.४. रात्री घोरता घोरता श्वास थांबायचा, म्हणून नाकाला ते मशीन. तुम्ही बघून म्हणाला होता, "हे काय विमान चालवायचंय का?"

कापलं म्हणजे सुरीनं उभं फाडलं नाही. पोटावर बोटाच्या पेरापेक्षा लहान अशा पाच चिरा आहेत, त्यातून दुर्बीण घालून करतात. जठराचा साधारण पाऊण हिस्सा काढून टाकला, उरलं ते केळासारखं निमुळतं नळकांडं. कापलेलं परत जोडता येत नाही. आणि मनाचं म्हणाल तर गंमत अशी, की भुकेचं एक रसायन असतं, घ्रेलिन नावाचं, ते जास्त करून जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. तो भागच गेला. पहिले दोन महिने मला भूक लागलीच नाही, घड्याळाचा गजर लावून खायचो. अण्णा, ३६ वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोक्यातला तो भोंगा बंद झाला. तेव्हा कळलं की बाकीच्या लोकांना "पुरे" म्हणणं सोपं का जातं. त्यांच्या कानात तो वाजतच नसतो.

पहिले पंधरा दिवस नुसतं पातळ: वरणाचं निवळ पाणी, ताक, नारळपाणी, प्रोटीनची पावडर. औषधाच्या बाटलीवर ३० मिलीचं टोपण असतं ना, त्यानं मोजून, घोट घोट. मग पंधरा दिवस सगळं मिक्सरमधून. पाणी अजूनही गटागटा पिता येत नाही; दिवसाचं दीड-दोन लिटर थेंब थेंब करत भरून काढायचं. सूनबाई म्हणाली, लातूरच्या माणसाला पाणी मोजून प्यायचं काय शिकवायचं. खरंच, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आत्याच्या घरी आपण तांब्या-तांब्याचा हिशोब ठेवलाच होता.

जेवणाच्या अर्धा तास आधी पाणी बंद आणि जेवल्यावर अर्धा तास बंद. हा नियम मला सगळ्यात जड जातो. घास घेतला की हात आपोआप तांब्याकडं जातो. सूनबाईनं तांब्याच फ्रीजवर ठेवायला सुरुवात केली.

आई, चिमीच्या उष्टावणाला तू दिलेली चांदीची वाटी आठवते? तिच्यात ६० मिली मावतं, मी मोजलं. आता त्या वाटीत मी जेवतो, तिच्याच चमच्यानं. पहिल्यांदा एक वाटी जायची, आता दोन जातात. चिमी समोर बसून माझे घास मोजते आणि "बाबा, चावून खा" म्हणून दम देते. वीस-पंचवीस वेळा चावायचं, तोंडात पीठ झालं की गिळायचं. घास संपल्याशिवाय चमचा उचलायचा नाही. आधी प्रोटीन, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी. भाकरी शेवटी, आई. तुझ्या घरात हे वाक्य उच्चारायला मला कसं वाटत असेल बघ. दोन दोन महिने भाकरीचा तुकडाही जात नव्हता. आता घट्ट वरणात कुस्करून चतकोर जातो.

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं. अण्णा, तुमची माळ आहे म्हणून आजवर बोललो नाही, पण मी इथं अंडं खातो. घरी आल्यावर खाणार नाही. घरी दही, पनीर, मुगाचं धिरडं, मटकी चालेल. आणि एक विचारतो. पाच एकरांत सोयाबीन पेरतो आपण, मार्केटला पोती पाठवतो, भावावरून रोज भांडतो, पण त्यातला दाणा कधी आपल्या चुलीवर शिजलाय का? त्या दाण्यात शंभराला छत्तीस-चाळीस भाग प्रोटीन असतं. मी पुण्यात दुकानातून सोयाबीनच्या वड्या विकत आणतो, म्हणजे आपलाच माल.

एक कबुली राहिली. दिवाळीला तू चकली-शेवेचा डबा पाठवलास. डबा बघून मी रडलो, हे सूनबाईनं सांगितलंच असेल. पुढचं तिलाही माहीत नाही. एका संध्याकाळी घरात कोणी नव्हतं, टीव्ही लावला आणि अर्धा डबा शेव खाल्ली. काही झालं नाही! ओकारी नाही, घाम नाही, दगड नाही. भाकरी अडकते, उसळ जड होते, आणि शेव मात्र तोंडात विरघळून सरळ खाली जाते. जे खाऊ नये तेच बिनबोभाट उतरतं. आहारवाल्या मॅडमनी हे आधीच सांगितलं होतं, की ऑपरेशन असल्या खाण्यापुढं हरतं, वर्ष-दीड वर्षानं भूकही थोडी परत येते, आणि लोकांचं वजन पुन्हा चढतं ते अशा चिवड्या-बिस्किटांनीच. म्हणजे अण्णा, मन आवरायचं काम काही सुटलेलं नाही. त्याला फक्त थोडी उसंत मिळाली.

आई, म्हणून डबा पाठवू नको. भाजलेले शेंगदाणेसुद्धा नको. हे लिहिताना हात अडखळला, पण लिहितो.

तू भरवल्याशिवाय राहत नाहीस, त्याचं कारण मला कळतं. बाहत्तरच्या दुष्काळाचं तू सांगतेस, मिलो ज्वारीच्या लाल भाकरीचं, खडी फोडायच्या कामावर मिळणाऱ्या सुकडीचं. ज्यांनी ती सुकडी ओच्यात बांधून घरी नेली, त्यांना भरलेलं ताट परत सारणारं लेकरू कसं बघवेल? अण्णा तर पाहुण्यांना सांगायचे, "आमचा गडी एका बैठकीला पाच भाकरी खातो." दहावीत पास झालो त्यापेक्षा त्याचं कौतुक जास्त झालं होतं. मला ते आवडायचंही. खोटं नाही.

दोन-तीन किरकोळ गोष्टी. केस फार गळतायत. चौथ्या-पाचव्या महिन्यात गळतात, मग थांबतात आणि परत येतात. तेल पाठवू नको. गोळ्या जन्मभर आहेत: मल्टीव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम, बी१२. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घ्यायचं नसतं, म्हणून दिवसभर डबी वाजत असते, ती आजारपणाची समजू नका. आणि अंग दुखलं तर गावातल्या मेडिकलवरून दुखण्याची गोळी आणून देऊ नका, ती माझ्या जठराला चालत नाही.

वजन परवा १०१ भरलं. साखर ६.१ वर आली, डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. गल्लीत कोणी "लेक वाळला, काही मोठा आजार तर नाही ना?" विचारलं तर खरं सांगा. लपवायचं काही नाही. मात्र येळवसेच्या पंगतीत तो विषय नको. त्या दिवशी चाळीस माणसं असतात, आणि प्रत्येकाच्या हातात वाढायची पळी असते.

मी यादी करून बघितली, आई. भज्जी मऊ, डाळीची. तिची एक वाटी मला चालेल, तिखट निम्मं कर. आंबील चालेल, पण जेवणाच्या अर्ध्या तासानंतर, घोट घोट. खीर नको. उंडे नकोत. धपाटं असलं तर आतला मऊ भाग दोन घास. सगळ्यांबरोबर रानातल्या कडब्याच्या कोपीत बसेन, ताट वाढू नको, माझी वाटी मी घेऊन येतो. शेवटपर्यंत बसेन. अण्णांचं जेवण होईपर्यंत माझी एक वाटी चावून होईलच.

गेल्या येळवसेला आंबिलाचं बिंदगं शेजारच्या पोरानं डोक्यावर घेतलं होतं. रस्त्यापासून कोपीपर्यंत मी तीनदा थांबलो, दुसऱ्यांदा थांबलो तेव्हा अण्णा मागं वळून बघत होते आणि मी ज्वारीचं कणीस तपासतोय असं दाखवलं. कणसात दाणाच भरला नव्हता अजून, तपासायचं काय होतं.

डॉक्टरांना विचारलंय, ओझं उचलायला आता हरकत नाही. या वेळी बिंदगं मी घेणार. त्या पोराला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो रुसायचा. आणि घोंगडी धुवून वाळत घाला, गेल्या वर्षीची आंबील तिच्यावर तशीच असेल.

गुरुवारी रात्रीच्या गाडीनं निघतो. चिमी आणि सूनबाई सोबत आहेत. त्या दोघींना पोटभर वाढ.

तुमचा,
बाळू