माप कुणी घ्यायचे?

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

फलटणला चाळीस वर्षे शिलाईचे दुकान चालवले. आता ते मुलगा बघतो, मी काज-बटणापुरता बसतो. वय 69. दीड वर्षापूर्वी पुण्यातल्या एका रुग्णालयात माझे प्रोस्टेटच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले. गाठ गेली, त्याबद्दल डॉक्टरांचे उपकारच आहेत. पण ऑपरेशनवेळी लघवीसाठी आत घातलेली नळी काढल्यापासून लघवी थांबेना. हसलो, खोकलो, खाली पडलेली कात्री उचलायला वाकलो, की थेंब. या ऑपरेशननंतर असे होते, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम करा, असे सांगितले होते. ते करतो. फरक आहे, पण दिवसभर कोरडा राहीन इतका नाही.

घरी सोडताना नर्सबाई म्हणाल्या, “बाहेर जाताना कंडोम कॅथेटर लावा, मेडिकलमध्ये मिळतं.” बस्स. हे कंडोमसारखे लिंगावर वरून चढवायचे असते. टोकाला नळी, नळीला पिशवी. आत काही घालावे लागत नाही, म्हणून आतल्या नळीपेक्षा जंतुसंसर्गाचा धोकाही कमी. वस्तू चांगली आहे. डिस्चार्जच्या कागदावर सहा गोळ्यांची नावे होती, मिलिग्रॅमसकट. हिचे नाव नव्हते, मापही नव्हते.

मेडिकलवाल्याने “मिडियम सगळ्यांना चालतं” म्हणत पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. चाळीस वर्षांत मी एकाही गिऱ्हाइकाला हे वाक्य ऐकवलेले नाही.

पहिल्याच आठवड्यात साताऱ्याला जाताना एसटीत ते निसटले. पुढचे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी घट्ट बसावे म्हणून वरून चिकटपट्टीचा वेढा दिला, तर संध्याकाळपर्यंत सूज. इथले डॉक्टर रागावले. असा गोल वेढा आवळला की रक्त अडते आणि कायमची इजा होऊ शकते. मग चष्मा लावून पाकीट वाचले. बारीक अक्षरांत 30 मिलिमीटर. म्हणजे 25 आणि 35 सुद्धा येत असणार, आणि येतात. टेप घेतली, घेर मोजला, 3.14 ने भागला. आकडा इथे सांगत नाही, पण तो मिडियमचा नव्हता.

व्यासात 5 मिलिमीटरचा फरक म्हणजे घेरात जवळजवळ 16 मिलिमीटर, आमच्या भाषेत पाच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). कमरेत पाच सूत चुकले तर गिऱ्हाईक पँट काउंटरवर टाकून जाते. इथे तर वस्तू दिवसरात्र कातडीला चिकटून राहणार. योग्य माप मागवायला आठ दिवस लागले. तेव्हापासून एकदाही निसटलेले नाही. रोज नवे लावायचे, आधी साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे, तेल-पावडर लावायची नाही, नाहीतर चिकटत नाही. हेही मला कुणी सांगितले नव्हते.

आमच्या सौ.ची गोष्ट वेगळी (तिला विचारूनच लिहितो). तिला अंग बाहेर येण्याचा त्रास, शिंकले की लघवी सुटायची. तिच्या डॉक्टरीणबाईंनी अंग वर धरून ठेवायला आत सिलिकॉनची रिंग बसवली, खोलीत चालायला लावले, खोकायला लावले, उकिडवे बसवले. पहिली सरकली म्हणून एक माप मोठी दिली. ही घरी येऊन म्हणाली, “अहो, तुमच्यासारखी ट्रायल घेतली बाईंनी!” ट्रायल घेता येते, एवढेच मला म्हणायचे आहे. मोजायला कागदाची एक पट्टी पुरते. घरी सोडण्याच्या दिवशी नर्सने माप घ्यावे आणि गोळ्यांच्या खाली तो आकडा लिहावा. लाजरा पेशंट स्वतः विचारणार नाही, आणि मेडिकलच्या काउंटरवर तर नाहीच नाही.

आणखी एक. 65 वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या लोकांना सरकार मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून साधनांसाठी एकदा 3000 रुपये देते. त्यात चष्मा, काठी, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा यांची नावे आहेत. लघवी सांभाळायच्या साधनाचे नाव नाही. मला एक नग 40 रुपयांना पडतो. 3000 रुपयांत अडीच महिने निघतात. तेवढे तरी निघू द्यावेत.

जाता जाता धंद्याची गोष्ट. पोटरीला बांधायची पिशवी रिकामी करायला पँट वर खेचावी लागते आणि ती गुडघ्याला अडते. मी आतल्या शिवणीला खालून सात इंची चेन लावली आहे आणि पायाचा घेर इंचभर वाढवला आहे. पिशवीची तोटी चेनमधून बाहेर येते, चारचौघांत कळतही नाही. आजवर अशा पाच पँटी शिवल्या, त्यातल्या दोनच माझ्या. कुठल्याही शिंप्याला हे जमेल. फक्त पिशवी डाव्या पायाला बांधता की उजव्या, तेवढे त्याला आधी सांगावे.

आपला,
फलटणचा एक शिंपी
(नाव छापू नये. माझी हरकत नव्हती, पण दुकानाच्या पाटीवर तेच नाव आहे आणि मुलाला लाज वाटते.)