मेरी लू विल्यम्स ऐकायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

जॅझ पियानोवादक मेरी लू विल्यम्स यांच्यावर आमच्या संगीत मंडळात बोलण्याचे मी कबूल केले, तेव्हा माझ्या गाठीला पेटीच्या साथीचा अनुभव आणि थोडेसे कुतूहल एवढेच होते. बाकी सारे आपण पुरवले. आपले आभार चारचौघांत मानावेत, म्हणून हे उघड पत्र.

आपण पहिलीच अट घातली, की 'स्त्री असूनही' हे शब्द व्याख्यानात एकदाही येता कामा नयेत. बाई पियानो वाजवते याचे नवल करण्यातच लोकांचा वेळ जातो आणि तिच्या डाव्या हाताचे काम ऐकायचे राहून जाते, हे आपले म्हणणे मला पुरेपूर पटले. त्यामुळे मी सुरुवात केली ती 1930 साली शिकागोत ध्वनिमुद्रित झालेल्या त्यांच्या 'नाइट लाइफ' या एकल पियानोवादनापासून. तेव्हा त्यांना विसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. पण खर्जातला सूर आणि त्यावर लगेच स्वरमेळ असा डाव्या हाताचा ठेका त्या इतक्या सहज राखतात, की उजवा हात वाटेल तिथे भटकून येतो.

मंडळातील बुजुर्गांना सर्वांत भावला तो त्यांच्या बालपणाचा प्रसंग. जन्म 1910 चा, अटलांटाचा. आई मांडीवर घेऊन पायपेटी वाजवत असताना या चिमुरडीने तिचीच धून वाजवून दाखवली. तरीही आईने शिक्षक ठेवला नाही, कारण नोटेशनच्या शिक्षणाने आपली उपज गेली आणि कागदाशिवाय वाजवणेच खुंटले, याचे तिला दुःख होते. यावर श्रोत्यांमधील काही क्लासचालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे आपल्याला कळवलेच पाहिजे.

कॅन्सस सिटीतील एका रात्रीची गोष्टही आपलीच देणगी. पहाटे चारच्या सुमारास सॅक्सोफोनवादक बेन वेबस्टर यांनी खिडकीच्या जाळीवर टकटक करून मेरी लूंना उठवले; कोलमन हॉकिन्स यांच्या सॅक्सोफोनपुढे सगळे पियानोवादक थकले होते आणि साथीला कोणी उरले नव्हते. रात्रभर साथ करून हात गळून गेलेल्या माणसाला या निरोपातला मान वेगळा सांगावा लागत नाही.

मेरी लूंची 'वॉकिन अँड स्विंगिन' ही रचना आपण तीनतीनदा ऐकवलीत, ती का, हे पियानोवादक थेलोनियस मंक यांचे 'रिदम-अ-निंग' लावल्यावर उमगले. 1936 साली अँडी कर्क यांच्या वाद्यवृंदासाठी मेरी लूंनी लिहिलेली स्वरावली तिथे जशीच्या तशी भेटते. पुढे मेरी लूंच्या न्यूयॉर्कमधील हार्लेमच्या घरी मंक, बड पॉवेल, डिझी गिलेस्पी अशी तरुण वादक मंडळी पहाटेपर्यंत जमत. स्विंगच्या, म्हणजे नाचाच्या ठेक्यावरील जॅझच्या, काळात नाव कमावलेले कित्येक वादक या मंडळींच्या बीबॉप नावाच्या नव्या, गुंतागुंतीच्या जॅझला नाके मुरडत होते; मेरी लूंनी मात्र त्या पोरांना पियानो मोकळा करून दिला आणि स्वतःही त्यांच्या वळणाचे वाजवू लागल्या. बारा राशींवरील 'झोडिअ‍ॅक सूट' याच काळातला, 1945 चा.

1954 साली पॅरिसमध्ये त्यांनी वादन थांबवले, ते 1957 पर्यंत. हा भाग दोन वाक्यांत उरकू नकोस, असे आपण बजावलेत, हे फार बरे झाले. त्या कॅथलिक झाल्या, व्यसनात बुडालेल्या वादकांना त्यांनी आपल्या घरात ठेवून घेतले, त्यांच्यासाठी पैसा उभा करायला जुन्या वस्तूंचे दुकानही चालवले. त्यांच्यावर बोलताना हे दुकान वगळणे म्हणजे निम्मी मेरी लू वगळणे, असे आता मलाही वाटते. 1977 पासून ड्यूक विद्यापीठात त्या जॅझ शिकवत होत्या आणि 1981 मध्ये त्यांचे निधन झाले.

व्याख्यानानंतर दोघा तरुणांनी 'नाइट लाइफ' पुन्हा लावायला सांगितले. आपल्या रेकॉर्डी येत्या रविवारी घेऊन येतो. त्यांतली 'ब्लॅक क्राइस्ट ऑफ द अँडीज' आणखी काही दिवस ठेवून घेण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक पेटीवादक