तेजसचे इंजिन कुठले, तेही छापा

महोदय,

ओझरहून पहिले तेजस मार्क-१ए लढाऊ विमान उडाल्यापासून आमच्या कट्ट्यावर ‘आता सगळे स्वदेशी’ अशी चर्चा आहे. पण इंजिन? ते अमेरिकी, जीई-एफ४०४. बंगळुरूच्या कावेरी इंजिनाला मंजुरी १९८९ची. तेजसला ते काही बसले नाही.

इथेच जोडलेल्या सुखोई-३० एमकेआयच्या मूळच्या रशियन इंजिनांची नोझल्स (झोत बाहेर सोडणारी मागची तोंडे) १५ अंश वळतात, तीही बाहेर कललेल्या अक्षावर. एक वर, एक खाली केले की वेग मंदावून पंख साथ सोडत असतानाही नाक फिरते. हवाई कसरतींची छायाचित्रे तुम्ही सुरेख छापता. त्याखाली एवढ्या दोन ओळी द्यायला काय हरकत आहे?

— एक निवृत्त फिटर, ओझर (नाशिक)